घरी वाढवलेल्या बोकडाचा भाव कसा ठरवावा?

आपल्या समाजातील पुष्कळ तरुण, आणि आमच्यासारखे उतारवयाकडे झुकलेले काही व्यापारीही, गेल्या काही वर्षांत शेळीपालनात उतरले आहेत. कोणी गावाकडच्या पडीक जमिनीवर शेड बांधली, कोणी यंत्रमाग विकून आलेले पैसे त्यात घातले. बोकड कसा वाढवावा हे सांगणारे आता पुष्कळ भेटतात. मात्र वाढवलेला बोकड दलालाला न देता थेट गिऱ्हाइकाला द्यायचा तर कोणत्या भावाने द्यावा, हे सांगणारा आम्हाला कोणी भेटला नाही. ते आम्ही नुकसान सोसून शिकलो. तो हिशेब या पानावर मांडावा असे वाटले.

पहिल्या ईदनंतर चौथ्या दिवशी आमच्या ओळखीचे एक टेलर मास्टर आमच्या कापडाच्या गादीवर येऊन बसले. चहा झाला. मग त्यांनी खिशातून कागद काढला. "तुम्ही माझ्याकडून तीस किलोचे पैसे घेतलेत. घरी मटण निघाले चौदा किलो. बाकीचे सोळा किलो कुठे गेले?" ते रागात नव्हते, आणि म्हणूनच आम्हाला जास्त लागले. तीस वर्षे आमच्याकडून कापड नेणारा माणूस होता. मीटरपट्टीत कधी बोट मारल्याचा आरोप आमच्यावर झाला नव्हता, आणि आज काट्याबद्दल विचारणा होत होती.

काटा बरोबर होता. वैधमापन शास्त्र विभागाचा शिक्का त्यावर होता. चूक काट्यात नव्हती, आमच्या तोंडात होती. आम्ही त्यांना "साडेतीनशे रुपये किलो" एवढेच सांगितले होते. किलो कशाचा, हे सांगितले नव्हते. कापडाच्या व्यापाऱ्याकडून ही चूक व्हायला नको होती. प्रोसेसला शंभर मीटर कोरे कापड दिले तर शंभर मीटर परत येत नाही, हे आमच्या दुकानातल्या पोऱ्यालाही ठाऊक आहे. आटणीचा हिशेब आम्ही भाव काढतानाच धरतो. बोकडाची आटणी मात्र कापडापेक्षा कितीतरी मोठी असते. जिवंत वजनातून कातडे, मुंडी, पाये, रक्त, आतडी आणि पोटातला चारापाणी वजा केला की साधारण पंचेचाळीस ते पन्नास टक्के मटण हाती येते, आणि त्यातही हाडे आलीच. म्हणजे तीस किलोच्या बोकडाचे चौदा ते पंधरा किलो. कलेजी, गुर्दे, वजडी, मुंडी-पाये हे वेगळे, आणि घरात ते खाल्लेही जाते, पण गिऱ्हाईक ते मटणात मोजत नाही.

येथे एक गोष्ट आधी सांगून टाकतो, कारण मोठ्या जनावराबद्दल विचारणारे नेहमी भेटतात. महाराष्ट्रात १९७६ च्या प्राणी रक्षण अधिनियमाने गाईच्या कत्तलीला बंदी होतीच, मार्च २०१५ पासून त्यात बैल आणि वळूही आले. राहिली म्हैस आणि रेडा. त्यांच्यासाठी सक्षम अधिकाऱ्याचा दाखला आणि ठरलेली जागा लागते. वाहतुकीत कागदपत्रे नीट असूनही माणूस अडचणीत येतो, हे वेगळे सांगायला नको. तेव्हा शेतावर जनावर वाढवून घरोघरच्या गिऱ्हाइकाला थेट देण्याचा धंदा आपल्या भागात व्यवहारात बोकडाचाच आहे. मोठ्या जनावरात सात हिस्से होतात. त्याचा भाव बहुधा जमात किंवा मदरसा सर्व खर्च धरून दर हिश्श्यामागे ठरवतो. त्यात आमचा अनुभव नाही, म्हणून त्यावर लिहीत नाही.

आता आमचा हिशेब. २०२० साली टाळेबंदीत माग थांबले, गादी बंद राहिली. त्या वर्षी जनावरांचे बाजार भरले नाहीत आणि सरकारने फोनवरून किंवा ऑनलाइन खरेदी करा असे सांगितले, तेव्हा लोक ओळखीच्या शेतकऱ्याकडून बोकड शोधू लागले. हे पाहून आम्ही पुढच्या वर्षी शिरकतीत हे काम सुरू केले. पैसा आम्हा दोन भावांचा, जमीन आणि मेहनत मेहुण्याची. २०२१ च्या ऑक्टोबरात सांगोल्याच्या बाजारातून आणि आसपासच्या खेड्यांतून चार महिन्यांची उस्मानाबादी जातीची चाळीस पिल्ले घेतली. सरासरी वजन अकरा किलो, सरासरी किंमत ४,८०० रुपये. १० जुलै २०२२ च्या ईदपर्यंत, म्हणजे साडेआठ महिने ती वाढवली. तीन मेली. सदतीस राहिली, सरासरी तीस किलोची.

भाव ठरवायची वेळ आली तेव्हा आम्ही काय केले? बाजारात गेलो, चार जणांना विचारले, साडेतीनशे रुपये जिवंत किलो असे कळले, आणि तोच भाव लावला. सगळे बोकड विकले गेले. ३,८८,५०० रुपये आले. खरेदीचे १,९२,०००, चारा-खुराकाचे १,३६,०००, लस-औषधाचे ६,०००, शेडची डागडुजी, वीज आणि टेम्पोचे १२,०००, असा ३,४६,००० रुपये खर्च वजा जाता ४२,५०० रुपये नफा दिसला. आम्ही मिठाई वाटली.

मेहुण्याने मिठाई घेतली नाही. त्याने विचारले, "भाईसाब, यात माझे किती?" आम्ही म्हणालो, नफ्यात तुझा तिसरा हिस्सा. तो गप्प बसला, पण आमच्या बहिणीने नंतर जे ऐकवले ते येथे लिहिण्यासारखे नाही. तिचे म्हणणे खरे होते. साडेआठ महिने तो पहाटे उठून झाडलोट करत होता, हिरवा चारा कापत होता, रात्री लांडग्याच्या भीतीने शेडजवळ झोपत होता. त्या गावात शेतगड्याला त्या वेळी महिना नऊ हजार मिळत होते. म्हणजे त्याची मजुरीच ७६,५०० रुपये झाली होती. ती खर्चात धरली तर एकूण खर्च ४,२२,५०० होतो, आणि आमचा ४२,५०० चा नफा ३४,००० चा तोटा ठरतो. आम्ही जी मिठाई वाटली ती त्याच्या मजुरीची होती.

बंधूंनो, घरच्या माणसाची मजुरी न धरता भाव काढणे ही आपल्या छोट्या धंद्यांची जुनी खोड आहे. मागावर बायको कांड्या भरते, मुलगा सुट्टीत बसतो, आणि टॉवेलचा भाव काढताना फक्त सूत आणि वीज मोजली जाते. मग बाजारात भाव पडतात तेव्हा आपण सरकारला दोष देतो. दोष द्यावा, पण आधी आपली वही पाहावी.

मजुरी धरून दर बोकडामागे ११,४२० रुपये खर्च पडला होता. जिवंत किलोला ३८० रुपये. आम्ही विकले ३५० ने. आणि टेलर मास्टरांचा हिशेब काय होता? १०,५०० रुपयांत चौदा किलो, म्हणजे किलोला ७५०. त्या दिवसांत त्यांच्या गल्लीतल्या दुकानात मटण ६८० होते. म्हणजे आम्ही तोट्यात, आणि गिऱ्हाईकही आपण जास्त दिले असे समजून नाराज! असा सौदा कोणाच्याच कामाचा नाही.

मग दुकानदाराला ६८० कसे परवडते? हे आम्ही एका वयस्क कुरेशी चाचांना जाऊन विचारले. त्यांनी हसून सांगितले की दुकानात येणारे बहुतेक जनावर चरणीचे असते. धनगर ते रानात फिरवतो, त्याला खुराक विकत घ्यावा लागत नाही. दुकानदार वर्षभर रोज कापतो, कलेजी वेगळ्या भावाने, मुंडी-पाये वेगळ्या भावाने, वजडी वेगळ्या भावाने विकतो. पूर्वी कातड्याचे चांगले पैसे येत. आता कातड्याला भावच राहिला नाही, ते धरूच नका, असेही त्यांनी बजावले. बोलता बोलता त्यांनी आमच्या एका बोकडाच्या कमरेवर हात ठेवला, मणका चाचपला आणि म्हणाले, चौदाच्या वर दोनशे ग्रॅम निघेल. तो बोकड एका अकीक्याला गेला तेव्हा आम्ही मुद्दाम मटण तोलून पाहिले. चौदा किलो दोनशे भरले. या इल्मला कोणतेही सर्टिफिकेट मिळत नाही.

चाचांशी बोलून एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. खाटकाच्या दुकानाशी भावाची बरोबरी करायला आम्ही निघालो, तिथेच आमचे चुकले होते. शेडमध्ये खुराकावर वाढवलेला बोकड रोजच्या मटणासाठी परवडणार नाही, आणि आपण तो त्यासाठी विकूही नये. त्याचे खरे गिऱ्हाईक कुर्बानीचे आणि अकीक्याचे. त्याला मटणाखेरीज आणखी काही हवे असते. बोकड वर्षाचा पुरा हवा. तो लंगडा, काणा, आजारी किंवा हाडाडलेला नको. बाजारात वय दातांवरून ओळखतात, आणि दात पाहण्यातही फसवणूक होते. ईदच्या आदल्या रात्री गर्दीत, टेम्पोच्या दिव्यात, काय दिसणार? आमच्याकडे प्रत्येक पिल्लाच्या कानात बिल्ला आणि वहीत जन्माचा महिना असतो. खरेदीची पिल्ले असली तर शेतकऱ्याकडून विचारून लिहिलेला. पीपीआर आणि आंत्रविषाराची लस कधी टोचली तेही लिहिलेले असते. गिऱ्हाईक महिनाभर आधी येऊन, दिवसाउजेडी, बायकामुलांसह बोकड पाहून जाते. जास्तीचे पैसे आम्ही या खात्रीचे मागतो, आणि तसे तोंडावर सांगतो.

२०२३ च्या ईदला आम्ही भाव ४२० ठेवला. तीस किलोच्या बोकडाला १२,६०० रुपये. शेडच्या दारावर एक फळा लावला. त्यावर लिहिले की भाव जिवंत वजनाचा आहे, तीस किलोच्या बोकडातून चौदा ते पंधरा किलो मटण निघते, आणि हे मटण दुकानातल्या मटणापेक्षा महाग पडते. आमचा भाऊ म्हणाला, असा फळा लावणारा व्यापारी मी पाहिला नाही. त्याची भीती काही अंशी खरी ठरली. फळा वाचून काही जण परत गेले. दोन नातेवाईक रागावून गेले, कारण घरच्या मालात नातलगाला सूट हवी असा त्यांचा हिशेब. त्या वर्षी अडतीस बोकडांपैकी तीस ईदला गेले. उरलेले आठ ईदनंतर खाटकाला ३२० ने द्यावे लागले. एकूण आले ४,५४,८००, खर्च झाला ४,३८,०००. मेहुण्याला दर महिन्याला ठरलेली मजुरी देऊन १६,८०० रुपये उरले. रक्कम लहान आहे, पण ती खरी होती.

यावरून भाव काढताना उरणाऱ्या मालाचाही विचार करावा लागतो हे कळले. थानातला शेवटचा तुकडा जसा रास्त भावाने जात नाही, तसे शेवटचे पाच-सात बोकड जात नाहीत. ईद संपली की त्या बोकडाचा भाव रात्रीत उतरतो, आणि खाणे मात्र चालूच राहते. म्हणून आता आम्ही सगळे बोकड ईदसाठी धरत नाही. काही अकीक्यासाठी वर्षभर ठेवतो. मुलाच्या अकीक्याला दोन आणि मुलीच्या अकीक्याला एक, अशी मागणी बारा महिने असते, आणि या गिऱ्हाइकाला ईदची घाई नसते.

वजनाबद्दल थोडे सांगतो, कारण सगळ्यात जास्त हेराफेरी येथेच होते. विकण्यापूर्वी बोकडाला मीठ चाटवून पाणी पाजणारे आहेत, बेसन कालवून पाजणारेही आहेत. पोट फुगते, काटा दीड-दोन किलो जास्त दाखवतो, आणि जनावर टेम्पोत हगून मोकळे होते. कधी कधी आजारीही पडते. मापात मारणाऱ्यांबद्दल कुरआनात एक पूर्ण सूरहच त्या नावाने आहे, हे आपल्याला मदरशात शिकवलेले असते. आम्ही वजन सकाळी, चारा टाकण्यापूर्वी करतो. त्यामुळे आमचा काटा इतरांपेक्षा कमी भरतो आणि किलोचा भाव जास्त दिसतो. एक जाणकार गिऱ्हाईक सोडले तर हा फरक कोणाच्या लक्षात येत नाही, म्हणून तोही फळ्यावर लिहिला. शहरापर्यंत नेताना वाटेत वजन घटते. तीसचा बोकड घरी पोचल्यावर अठ्ठावीस भरला अशी तक्रार येते. भाव शेडच्या काट्यावरचाच, हे आधी बोलून घ्यावे.

कुर्बानीचे जनावर तोलून घ्यावे का, असाही प्रश्न काही लोकांनी काढला. आमच्या मोहल्ल्यातील मौलानांना आम्ही विचारले. ते म्हणाले, जिवंत जनावर तोलून त्याची पुरी किंमत दोघांना कळली आणि दोघे राजी झाले तर सौदा दुरुस्त आहे, फक्त नियत मटणाची नसावी. त्यांनी आणखी एक गोष्ट सुचवली. महिनाभर आधी पैसे घेऊन बोकड राखून ठेवता तेव्हा वजन आजचे की ईदचे, हे मोघम ठेवू नका. आता आम्ही राखीव ठेवताना थोडी रक्कम फक्त वाद्याची म्हणून घेतो. किलोचा भाव कागदावर लिहून देतो, आणि खरा सौदा न्यायच्या दिवशी काट्यावर करतो. तोपर्यंत जनावराची जबाबदारी आमची. एका वर्षी राखून ठेवलेला एक बोकड ईदच्या तीन दिवस आधी पोटफुगीने मेला. गिऱ्हाइकाला त्याच पैशांत दुसरा, चार किलोने जास्त भरणारा द्यावा लागला. १,६८० रुपये गेले. तेव्हापासून मरतुकीच्या खात्यात ईदच्या शेवटच्या आठवड्यासाठी आम्ही वेगळी रक्कम धरतो.

खाटकाची मजुरी भावात घालू नका. कुर्बानीच्या गोश्तातून किंवा कातड्यातून कापणाऱ्याला मजुरी देता येत नाही, ती वेगळीच द्यावी लागते. मग गिऱ्हाइकाने ती स्वतः ठरवलेली बरी. शिवाय ईदच्या पहिल्या दिवशी कापणाऱ्याचा भाव वेगळा, तिसऱ्या दिवशी वेगळा. त्या भानगडीत आपण पडू नये.

अंगावर चाँद किंवा नाव उमटले म्हणून लाखाने विकल्या जाणाऱ्या बोकडांबद्दलही आम्हाला विचारतात. आमच्या शेडमध्येही एक असा निघाला होता, ठिपका नीट पाहिला तर चाँद वाटावा असा. मेहुण्याच्या मुलाने फोटो काढून पाठवायला सुरुवातही केली होती. आम्ही तो बोकड त्याच्या वजनाने, इतरांच्याच भावाने दिला.

या मालाची जकातही निघते. विकण्यासाठी घेतलेले बोकड म्हणजे तिजारतीचा माल, तेव्हा आपल्या जकातीच्या तारखेला त्यांची बाजारात जी किंमत असेल त्यावर अडीच टक्के. काही जण ही रक्कमही भावात चढवतात. जकात व्यापाऱ्याने द्यायची आहे, गिऱ्हाइकाने नाही.

आता पुढच्या वर्षांबद्दल. २०१८ साली ईद २२ ऑगस्टला होती, तेव्हा शेवटचे दोन महिने रानात हिरवे मिळत होते. २०२२ मध्ये ती १० जुलैला आली, २०२३ मध्ये २९ जूनला, २०२४ मध्ये १७ जूनला आणि २०२५ मध्ये ७ जूनला. दरसाल दहा-अकरा दिवस ती अलीकडे सरकते. म्हणजे पुढे बरीच वर्षे बोकड भरण्याचे शेवटचे तीन महिने कडक उन्हाळ्यात येणार, जेव्हा आमच्या सोलापूर भागात हिरवा चारा नसतो आणि पाण्याचा टँकर लागतो. एरवी आम्हाला एका बोकडाला दिवसाला १४ रुपयांचा चारा-खुराक लागतो. उन्हाळ्यात तो १९ वर जातो. नव्वद दिवसांचे ४५० रुपये, म्हणजे तीस किलोच्या बोकडावर किलोमागे १५ रुपये वाढले. जो मागच्या सालचा भाव तसाच पुढे चालवील, त्याला हे १५ रुपये पदरचे घालावे लागतील. आम्ही यावर एवढेच केले आहे की तुरीचे भुसकट आणि हरभऱ्याचे भूस सुगीतच, फेब्रुवारी-मार्चमध्ये, वर्षभराचे घेऊन ताडपत्रीखाली रचून ठेवतो, आणि शेडच्या मागे सुबाभूळ व शेवरीची दोन ओळी लावली आहे. टेलर मास्टर अधूनमधून गादीवर येतात. दोन वर्षे त्यांनी बोकड दुसरीकडून घेतला. २०२५ मध्ये ते आले, फळा पुरा वाचला, एक सव्वीस किलोचा पसंत केला आणि काट्यासमोर उभे राहून विचारले, "यात मटण बारा किलो धरू ना?" आम्ही म्हणालो, साडेअकरा धरा.